पॅनेल आणा, पण फळा उतरवू नका

पत्र:

"ताई, सा. न. वि. वि. दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या शाळेचा मी माजी विद्यार्थी, आता शाळा समितीवर आहे. मकरपुऱ्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. आमच्या दहावीच्या बॅचनं स्नेहमेळाव्यात पाच लाख रुपये जमवले आणि वर्गांत इंटरॅक्टिव्ह बोर्ड, म्हणजे बोटानं किंवा पेननं लिहिता येणारे मोठे पडदे, बसवायचं ठरलं. विक्रेता म्हणतो, एवढ्यात ७५ इंची तीन पॅनेल बसवून देतो, जुने फळे काढून त्याच जागी. आमचा एक मित्र अमेरिकेत आहे, त्याला सुट्टीत येऊन उद्घाटन करायचंय. पण माझी वहिनी याच शाळेत वीस वर्षं गणित शिकवते. परवा वाढता वाढता ती म्हणाली, 'तीन टीव्ही आणताय ना, खुशाल आणा. माझा फळा काढलात तर राजीनामा देईन.' तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. दादा मध्ये पडत नाही. वहिनीचं वय ५१. तिला यंत्राची भीती वाटते, की तिचं काही बरोबर आहे? आणि या बोर्डांनी मुलं खरंच जास्त शिकतात का?"

— एक माजी विद्यार्थी, बडोदा

उत्तर:

वहिनींचं वाक्य तुम्हीच लिहून पाठवलंय, ते एकदा परत वाचा. पॅनेल नको असं त्या म्हणाल्याच नाहीत. "खुशाल आणा" म्हणाल्या. भांडण आहे ते फळ्यावरून. त्यात वय कुठून आलं? एक्कावन्नाव्या वर्षी बाई स्कूटर चालवते, बँकेचं ॲप चालवते, व्हॉट्सॲपवर सगळ्या घराची खबर ठेवते. यंत्राची भीती असेलही थोडी, पण त्यांचं म्हणणं भीतीचं दिसत नाही.

तुम्ही वर्कशॉपवाले, म्हणून आधी मोजपट्टी काढते. वर्गातला जुना फळा बहुतेक आठ बाय चार फुटांचा असेल, म्हणजे ३२ चौरस फूट. ७५ इंच हे पॅनेलच्या कर्णाचं माप. त्याची रुंदी भरते साडेपाच फुटांच्या आत, उंची तीन फुटांच्या थोडी वर. सगळं मिळून जेमतेम १७ चौरस फूट. लिहायची जागा निम्म्यावर आली. विक्रेता तुम्हाला हे सांगणार नाही. दुकानात टीव्हीच्या शेजारी ठेवलेलं पॅनेल मोठंच दिसतं.

आता आठवीतलं भूमितीचं प्रमेय आठवा. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात आकृती, तिच्याखाली पक्ष आणि साध्य, उजवीकडे एकाखाली एक पायऱ्या. तास संपता संपता सगळं एका नजरेत दिसतं. तिसऱ्या पायरीला अडकलेलं पोर सातवी पायरी चालू असताना हळूच मागे बघून घेतं, कुणाला न विचारता. पॅनेलवर पान भरलं की बाई बोटानं सरकवतात आणि नवं पान येतं. ती तिसरी पायरी गेली. परत आणता येते, नाही असं नाही, पण त्यासाठी त्या पोरानं हात वर करून "बेन, पाछळ जाओ ने" म्हणायला हवं, आणि अडकलेली पोरं हात वर करत नाहीत. वहिनी वीस वर्षं हे बघत आल्या आहेत. जेवणाच्या पानावर एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून त्या राजीनाम्यावर आल्या असतील.

आणखी एक माप. बारीक मजकूर वाचायचा असेल तर शेवटचा बाक पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावा, असा एक ठोकताळा वर्गखोल्या आणि सभागृहं मांडणारे वापरतात. ७५ इंची पॅनेलची उंची साधारण ९३ सेंटिमीटर, सहापट केली की साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. तुमच्या शाळेच्या खोल्या जुन्या आहेत, पंचवीस फुटांच्या तरी असणारच. म्हणजे पाठ्यपुस्तकाचं पान जसंच्या तसं पडद्यावर उघडलं तर मागच्या दोन-तीन रांगांना ते वाचता येणार नाही. मोठ्या अक्षरात लिहिलं तर दिसेल, पण मग जागा आणखी कमी. हे गणित तुम्ही स्वतः टेप लावून करा, माझ्यावर विसंबू नका.

मुलं जास्त शिकतात का, हा तुमचा खरा प्रश्न. याचं उत्तर इंग्लंडनं भरपूर पैसे घालून शोधलं आहे. २००३-०४ मध्ये तिथल्या सरकारनं लंडनच्या माध्यमिक शाळांना असे बोर्ड घ्यायला खास निधी दिला. लंडनच्याच इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनच्या लोकांनी त्याचा अभ्यास केला, अहवाल २००७ मध्ये आला. गणित, विज्ञान आणि इंग्रजी, तिन्ही विषयांत बोर्ड आल्यामुळे पहिल्या वर्षी गुण वाढले असं काही दिसलं नाही. त्या अहवालातली एक गोष्ट मला गुणांपेक्षा महत्त्वाची वाटते. एकेका मुलाला पुढे बोलावून पडद्यावर काहीतरी ओढायला, जुळवायला लावणं याला शिक्षक 'इंटरॅक्टिव्ह' समजू लागले होते. साध्या, किरकोळ कृतींना उगाच मोल आलं आणि तासाची गती मंदावली. एक पोर पडद्यापाशी, बाकीचा वर्ग जांभया देत. विक्रेता शाळेत प्रात्यक्षिक दाखवायला येईल तेव्हा नेमकं हेच करून दाखवेल, लिहून ठेवा.

दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेत रॉबर्ट मार्झानो नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी २००९ च्या सुमारास एक अभ्यास केला. एकाच शिक्षकानं तोच धडा एका वर्गाला बोर्डावर आणि दुसऱ्या वर्गाला बोर्डाशिवाय शिकवायचा, अशी तुलना. सरासरीत बोर्डाचे वर्ग बरेच पुढे निघाले. अभ्यासाला पैसा बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचाच होता, हे ध्यानात ठेवा. पण त्याच अभ्यासात २३ टक्के वेळा बोर्डाशिवायचा वर्ग पुढे गेला, आणि मार्झानोंनी ते दडवलं नाही. कारणं शोधली तर ती शिक्षकांच्या हातातली निघाली: पानं भराभर सरकवली, एकेका पानावर चित्रांची गर्दी केली, बरोबर उत्तराला टाळ्यांचे आवाज लावले आणि मुलांचं लक्ष उत्तरावरून टाळ्यांवर गेलं.

तेव्हा बोर्ड काही शिकवत नाही, आणि बोर्ड कुचकामी आहे असंही नाही. तो कुणाच्या हातात आहे आणि कोणत्या दहा मिनिटांसाठी, यावर सगळं येऊन ठेपतं.

त्या दहा मिनिटांचं एक उदाहरण देते. बी.एड.च्या मुलींचे पाठ बघायला मी शाळांमधून पुष्कळ फिरले. एका शाळेत पॅनेलवर भरतकाम केलेलं कव्हर होतं, घरच्या टीव्हीवर असतं तसं, आणि ते फक्त पाहुणे आले की निघायचं. दुसऱ्या एका शाळेत विज्ञानाच्या तासाला रोज व्हिडिओ लावून सर मागे वह्या तपासत बसायचे. आणि तिसऱ्या ठिकाणी एका मुलीनं जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर अर्धवर्तुळ काढलं. व्यासाची दोन टोकं आणि वर्तुळावर एक बिंदू, तिन्ही जोडून त्रिकोण. वरचा कोन दाखवत होता ९० अंश. मग ती वर्गाला म्हणाली, "हा बिंदू मी डावीकडे, अगदी टोकाजवळ नेणार आहे. कोन वाढेल, कमी होईल, की तेवढाच राहील? वहीत लिहा." आणि ती थांबली. नुसती उभी राहिली. मग बिंदू ओढला. त्रिकोण चपटा होत गेला, कोन ९० चा ९० च. वर्गातून जो आवाज उठला तो टाळ्यांच्या रेकॉर्डिंगचा नव्हता.

खडूनं हा त्रिकोण एकदा निघतो, फार तर तीनदा. ओढून हलवता येत नाही. पॅनेलचं मोल मला इथे दिसतं, हलणाऱ्या गोष्टीत. सरळ रेषेच्या समीकरणात चढ बदलला की रेषा कशी कलते, विजेच्या मंडलात एक दिवा काढला की बाकीच्यांचं काय होतं, पृथ्वीचा आस कलता असल्यामुळे डिसेंबरात दिवस लहान का. पण त्या मुलीच्या तासात यंत्राइतकंच तिचं थांबणं कामाला आलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात. पॅनेलला थांबायचं कळत नाही. वहिनींना वीस वर्षांत कळलं असणार.

आता वहिनी कुठे चुकतात तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई एकतर्फी आहेत. त्यांनी पॅनेलला टीव्ही म्हटलं. टीव्हीवर लिहिताच येत नाही, मग ते उद्यापर्यंत राखणं दूरच. इथे कालचं पान आज उघडतं. काल एका मुलानं अपूर्णांकांची बेरीज करताना अंश अंशात आणि छेद छेदात मिळवला, तीच चूक आज सकाळी मुलांसमोर ठेवायची आणि विचारायचं, कुठे घसरलं? फळा घंटा झाली की पुसला जातो. पुढच्या तासाचे सर दारात उभे असतात. तापानं चार दिवस घरी असलेल्या मुलीला त्या चार दिवसांची पानं आईच्या फोनवर पाठवता येतात. गणिताच्या बाईंना याचा उपयोग नाही असं मी मानायला तयार नाही. पण हे त्यांना तुम्ही सांगू नका. दुसऱ्या शिक्षिकेनं करून दाखवलं तर पटेल, दिराकडून ऐकलं तर अबोला आणखी महिनाभर चालेल.

कुठे दाखवायचं? आपल्याच गुजरातेतल्या सरकारी शाळांत 'ज्ञानकुंज' योजनेचे स्मार्ट वर्ग आहेत. जवळच्या एखाद्या शाळेत परवानगी काढून वहिनींना आणि विज्ञानाच्या शिक्षकांना एक दिवस बसवा. प्राचार्यांना भेटायचं चहापुरतं, विचारायचं ते वर्गावरच्या शिक्षकाला, आणि पहिला प्रश्न असा: "गेल्या महिन्यात बंद किती दिवस होतं?"

मजा बघा, १९८७ साली केंद्र सरकारनं प्राथमिक शाळांसाठी योजना आणली तिचं नाव होतं 'ऑपरेशन ब्लॅकबोर्ड', कारण कित्येक शाळांत फळाही धड नव्हता. २०१९ मध्ये 'ऑपरेशन डिजिटल बोर्ड' जाहीर झालं. बडोद्याच्या माणसाला तर यात नवल वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं, आणि पुढे त्यांच्या ग्रंथालय खात्यात दृश्य साधनांची एक वेगळी शाखाच होती. जादूचे कंदील, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर टाकणारे दिवे, त्यांच्या काचेच्या चित्रपट्ट्या, आणि चित्राला खोली आणणारे स्टिरिओस्कोप. मला त्यात नेहमी तो कंदिलामागचा माणूस दिसतो. गावच्या चौकात पडद्यावर चित्र उमटलं तरी ते कशाचं आहे हे कुणीतरी बोलावंच लागत असणार.

आता खरेदीचं. माझं मत विचारलंत तर तीन घेऊ नका, एकच घ्या, आणि वर्षानं दुसऱ्याचं बघा. प्रोजेक्टरवाला बोर्ड स्वस्त पडतो, पण लिहिणाऱ्याची सावली अक्षरांवर पडते, एप्रिल-मेच्या उजेडात चित्र फिकं दिसतं, प्रोजेक्टर जरा हलला की पेन एकीकडे आणि रेघ दुसरीकडे, मग परत कोपऱ्याकोपऱ्याला टेकवून जुळवत बसा. पॅनेलच बरं. ते फळ्याच्या जागी नाही, फळ्याच्या शेजारी. भिंतीवर जागा नसेल तर चाकांच्या स्टँडवर. तुमच्या इमारतीच्या जुन्या भिंतीला पन्नास-साठ किलोचं ओझं झेपेल का, हे गवंड्याला विचारा, विक्रेत्याला नको. आणि तळमजल्यावर अजिबात नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात कुठवर आलं ते तुम्ही पाहिलंय.

'स्मार्ट रूम' म्हणून वेगळी खोली करून कुलूप लावू नका. पस्तीस मिनिटांच्या तासात रांग करून जायला-यायला आठ मिनिटं जातात, आणि किल्ली नेहमी त्या दिवशी रजेवर असलेल्या शिपायाकडे असते. ज्या खोलीत गणित आणि विज्ञानाचे जास्तीत जास्त तास होतात तिथेच ते ठेवा.

विक्रेता सोबत 'कंटेंट' विकायला बघेल, वर्षाला नूतनीकरण. ते घेऊ नका. जिओजेब्रा शाळांना फुकट आहे. फेट नावाचे विज्ञानाचे प्रयोग अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं फुकट दिलेत, त्यातले पुष्कळ मराठीतही आहेत. दीक्षा हे शालेय धड्यांचं पोर्टल सरकारचंच. लिहायला ओपनबोर्ड हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं चालतं. विकत घ्यायचा तो यूपीएस, नाहीतर ऐन रंगात आलेल्या तासाला "बेन, लाइट गई" होणार आणि चाळीस पोरांना परत जागेवर आणायला दहा मिनिटं जाणार. दुरुस्ती करणारा माणूस बडोद्यात आहे की अहमदाबादहून येतो, किती दिवसांत येतो, हे कागदावर घ्या. पेन किती मिळणार तेही. पेन हरवतात, आणि मग कुणीतरी साध्या मार्करनं पडद्यावर लिहितं.

उरलेल्या पैशांपैकी लाखभर रुपये शाळेच्या नावानं ठेवीत टाका, दुरुस्तीसाठी. बाकीच्यातून सगळ्या वर्गांतले जुने फळे नीट करून घ्या. गुळगुळीत होऊन चकाकणारा फळा खिडकीच्या बाजूच्या मुलांना दिसतच नाही, ही तक्रार मी प्रत्येक शाळेत ऐकली आहे आणि त्यावर कुणी पाटी लावून उद्घाटन केलेलं ऐकलं नाही. तुमच्या अमेरिकेतल्या मित्राला हे थोडं जड जाईल. त्याला सांगा, दात्यांच्या नावांची पाटी वर्गाबाहेर लागेल, फीत कापायला पॅनेल एक असलं काय नि तीन असले काय. त्यातूनही हट्ट धरलाच तर दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या शाळेच्या 'संगणक कक्षा'त त्याला नेऊन आणा. प्लास्टिकची आवरणं अजून तशीच असतात.

एक गोष्ट पैशानं मिळणारी नाही, पण समिती देऊ शकते. पॅनेल वापरणाऱ्या शिक्षकांना आठवड्याला दोन तास मोकळे द्या, तयारीला. अर्धवर्तुळाचा तो दहा मिनिटांचा खेळ बसवायला त्या मुलीला आदल्या दिवशी तासभर लागला होता. ऑफ तासाला दुसऱ्याचा वर्ग सांभाळायला पाठवलेल्या बाईकडून हे होणार नाही. आणि 'रोज पॅनेल वापरलंच पाहिजे' असं परिपत्रक कुणी काढू पाहिलं तर समितीत विरोध करा. ज्या दिवशी खडू पुरतो त्या दिवशी खडू.

राहिला घरातला अबोला. माफी वगैरे मागत बसू नका, वहिनींना ते उलट अवघड जाईल. विक्रेत्याला सांगा की पॅनेल शाळेत आणून दाखव, भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, इंटरनेट बंद करून. बटणं दाबायला त्याचा मुलगा नको, वहिनी दाबतील. त्यांच्या नेहमीच्या वेगानं त्या एक प्रमेय लिहितील, तुम्ही शेवटच्या बाकावर बसून ते वहीत उतरवाल. दिवस त्यांनाच विचारून ठरवा, त्यांच्या मोकळ्या तासाचा. आणि हे विचारायला दादाला मध्ये घालू नका.